मौनातला अधिक महिना

अधिक महिना आला की उज्जैनीत एक निराळीच लगबग सुरू होते. माळव्यातल्या खेड्यापाड्यांतून बायकांचे तांडे सप्तसागरांच्या यात्रेला निघतात. रुद्रसागर, पुष्करसागर, क्षीरसागर, गोवर्धनसागर, रत्नाकरसागर, विष्णुसागर आणि पुरुषोत्तमसागर अशी ही सात तळी. त्यांतल्या काहींची आजची अवस्था पाहिली तर सागर हा शब्द फारच उदारपणाचा वाटतो; पण यात्रेकरूंचे त्यावाचून काही अडत नाही. चांद्र वर्ष सौर वर्षापेक्षा सुमारे ११ दिवसांनी तोकडे, ती तूट ३२-३३ महिन्यांनी एक महिना जादा घालून भरून काढायची, असा हा पंचांगाचा व्यवहार. या महिन्यात लग्ने नाहीत, मुंजी नाहीत. म्हणजे गवयाच्या भाषेत बोलायचे तर बिदागी नाही.

२०२३ साली हा महिना श्रावणाला जोडून आला, १८ जुलैपासून १६ ऑगस्टपर्यंत, आणि नेमके त्याच महिन्यात माझे गाणे बंद होते. घशाच्या डॉक्टरांनी आत दिवा टाकून पाहिले आणि स्वरतंतूंना सूज आहे म्हणून सांगितले. महिनाभर गायचे नाही, शिकवायचे नाही, बोलणेही होईल तितके टाळायचे. आणि कुजबुजायचे तर मुळीच नाही, कारण कुजबुजण्याने त्या तंतूंना विश्रांती मिळत नाही, उलट ताणच पडतो. शिकवण्या थांबल्या. मी गळ्यात दोरी बांधलेली एक छोटी पाटी घेऊन घरात वावरू लागलो. गल्लीत बातमी पसरली ती अशी की मास्तरांनी अधिकाचे मौनव्रत धरले आहे. दोघी-तिघी तर वाकून नमस्कारही करून गेल्या. खुलासा करावा तर तोंड उघडायचे नाही!

मौन आणि गवई हे दोन शब्द माळव्यात एकत्र आले की कुमार गंधर्वांची आठवण निघतेच. १९४८ च्या सुमारास ते देवासला येऊन राहिले, क्षयामुळे काही वर्षे त्यांचे गाणे बंद पडले, आणि त्या दिवसांत माळव्याची लोकगीते त्यांच्या कानांत साठत गेली. पुढे त्यांच्या गायकीला जे वळण मिळाले त्याचे मूळ पुष्कळ जण त्या सक्तीच्या शांततेत शोधतात. शेजारचे एक गृहस्थ मला धीर देण्यासाठी हेच उदाहरण देऊ लागले तेव्हा मी दोन्ही कानांना हात लावले. माझा महिना साध्या संगीतशिक्षकाचा महिना. त्यातून कोणताही राग जन्माला आला नाही. मी फक्त पुस्तके वाचली, आणि तीही कोणत्या उपयोगासाठी नव्हे, निव्वळ गंमत म्हणून.

हे ‘गंमत म्हणून’ आमच्या घराला नवे होते. वडील ग्वाल्हेर दरबारचे गवई. सोळाव्या वर्षी त्यांचे नाव दरबारच्या पटावर चढले, आणि दोन वर्षे होतात न होतात तोच २८ मे १९४८ रोजी मध्यभारताची स्थापना होऊन दरबारच संपला. पुढचे सारे आयुष्य त्यांनी उज्जैनीत शिकवण्या करून काढले. मी त्यांच्या पन्नाशीनंतरचे अपत्य. घरात पुस्तके होती ती भातखंड्यांची. ‘क्रमिक पुस्तकमालिके’चे भाग, बांधणी सुटलेले, पाने सुतळीने बांधलेले. ही पुस्तके वाचायची नसत, ‘बघायची’ असत. अंतरा कुठून उठतो, सम कोणत्या अक्षरावर येते, एवढ्यापुरती. माझ्या हाती कादंबरी दिसली तर वडील रागावत नसत. फक्त विचारीत, “आज तानपुरा लावलास का?” तेवढ्या प्रश्नाने पुस्तक मिटत असे. आई मात्र डाळीच्या डब्यामागे एखादी कादंबरी ठेवून असायची, आणि तिला हा प्रश्न कोणी विचारीत नसे.

समोरच्या वाड्यातल्या काकूंना माझी दया आली. त्यांचे यजमान मराठीचे मोठे वाचक होते. त्यांच्यामागे काचेच्या दारांचे एक कपाट राहिले आहे. मुलगा पुण्याला, नातवंडे इंग्रजी शाळेत. कपाटाची किल्ली माझ्या हातावर ठेवीत काकू म्हणाल्या, “अरे, गळा बंद आहे ना तुझा? डोळे तर चालू आहेत! ने काय हवे ते. नाही तरी एक दिवस रद्दीवालाच नेणार आहे.” मी पाटीवर लिहिले, ‘परत आणून देईन.’ त्यांनी चष्मा लावून वाचले आणि म्हणाल्या, “घाई नाही.”

उज्जैनीत अशी कपाटे पुष्कळ आहेत. राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनी अठराव्या शतकात महाकालाचे देऊळ पुन्हा उभारले, तेव्हापासून मराठी कुटुंबे येथे येत गेली. कोणी शिलेदार, कोणी कारकून, कोणी भिक्षुक, कोणी आमच्यासारखे गाणारे. १८१० साली दौलतरावांनी राजधानी ग्वाल्हेरला हलवली, तरी ही मंडळी राहिली. त्यांची नातवंडे-पतवंडे आज हिंदीत शिकतात, हिंदीत भांडतात आणि घरी ‘मी येऊन राहिलो आहे’ असे मराठी बोलतात, ज्याला पुण्याची मंडळी हसतात. हसोत बापडी. पण वाचायचे मराठी त्या कपाटांत कुलूपबंद आहे, आणि किल्ल्या ऐंशीच्या पुढच्या माणसांकडे आहेत.

कपाटातून मी पहिल्यांदा उचलली ती ना. सं. इनामदारांची ‘झुंज’. नायक यशवंतराव होळकर. आता शिंद्यांच्या गावात, गोपाळमंदिराच्या पायऱ्यांपासून हाकेच्या अंतरावर बसून होळकरांची कादंबरी वाचायची म्हणजे जरा चोरटेपणाच! १८०१ च्या जुलैत याच यशवंतरावाने उज्जैनजवळ शिंद्यांच्या कवायती फौजेला धूळ चारली. त्याच वर्षी ऑक्टोबरात सर्जेराव घाटग्याने इंदुरावर चालून जाऊन त्याचा सूड उगवला आणि शहर लुटले. इंदूरकर वाचकांना हे सांगायला नकोच. पुढच्याच वर्षी यशवंतराव पुण्यावर गेला, आणि २५ ऑक्टोबर १८०२ ला हडपसरच्या लढाईत पेशवा व शिंदे यांच्या एकत्र फौजांना त्याने हरवले. कादंबरी मी तीन दिवसांत संपवली. इनामदारांची लेखणी मोठ्या आवाजाची आहे; कितीदा तरी वाटते की प्रकरण संपता संपता तिहाई घेऊन हे गृहस्थ आता नेमके समेवर येणार, आणि ते येतातच. पण काय बिघडले? जेवायला हाक आली तर पाटीवर ‘आलोच’ लिहून मी आणखी वीस पाने वाचीत असे.

या तीन दिवसांत मला एक गोष्ट उमगली, ती सांगतो. गवयाला गाणे ऐकण्याचे सुख फारसे उरत नाही. रेडिओवर कोणी गाऊ लागले की माझे कान आधी झडती घेतात. निषाद थोडा चढला काय, ही तान कुठून उचलली, ठेका ढिला का पडला. मैफलीत शेजारचा कारकून डोळे मिटून डोलत असतो आणि मी मनातल्या मनात मात्रा मोजीत असतो. शिकवण्याचा धंदा असला की हे दुखणे अधिकच वाढते. विद्यार्थ्याचे चुकलेले ऐकण्यासाठीच तर पैसे मिळतात! कादंबरीच्या बाबतीत मात्र मी अगदी अडाणी. लेखकाने कुठे कोणती युक्ती योजली हे मला दिसत नाही, म्हणूनच ती मला लागू पडते. यशवंतराव शेवटी हरणार हे इतिहासाने सांगून ठेवलेले, तरी माझ्या छातीत धडधडत होते. तो शेजारचा कारकून इतकी वर्षे काय उपभोगीत होता, त्याचा मला हेवा वाटला.

त्यानंतर दुर्गाबाई भागवतांचे ‘ऋतुचक्र’ काढले. १९५६ साली आलेले हे लहानसे पुस्तक. चैत्रापासून फाल्गुनापर्यंत बाराही महिन्यांची झाडे, पाखरे, आकाश आणि ऊनपाऊस त्यात आहेत. श्रावणात श्रावणाचे प्रकरण वाचावे म्हणून उघडले आणि आषाढ-भाद्रपदही वाचून टाकले. आमच्याकडची काळी माती पाऊस पडला की बुटाला किलोभर चिकटते, तिचा या पुस्तकातल्या पावसाशी संबंध थोडा. पण खिडकीबाहेरच्या कडुनिंबाकडे मी त्या आठवड्यात जितके पाहिले तितके आजवर पाहिले नव्हते. तक्रार एकच. अधिक महिन्याचे प्रकरण बाईंनी लिहिले नाही.

मग ‘क्षिप्रा’. हे नाव पाहून कोणता उज्जैनकर पुस्तक खाली ठेवील? शरच्चंद्र मुक्तिबोधांची ही कादंबरी १९५४ ची. पुढे ‘सरहद्द’ आणि ‘जन हे वोळतु जेथे’ मिळून तिची त्रयी झाली. मुक्तिबोधांचे घराणे म्हणजे आमच्या या मुलखाचे एक नवलच. वडील माधवराव ग्वाल्हेर संस्थानच्या पोलीस खात्यात. थोरला मुलगा गजानन माधव हिंदीत गेला, १९४३ च्या ‘तार सप्तक’मध्ये झळकला आणि हिंदी नवकवितेचा आधारस्तंभ ठरला. धाकटा शरच्चंद्र मराठीत राहिला, नागपूरला प्राध्यापक झाला, आणि १९४९ च्या ‘नवी मळवाट’ने मराठी कवितेत उभा राहिला. एकाच आईच्या हातचे जेवलेले दोन भाऊ, दोन भाषांतले दोन मोठे लेखक. आमच्या शाळांतली मुले थोरल्या मुक्तिबोधांचे नाव घेतात. धाकट्यांचे नाव मी गेल्या दहा वर्षांत उज्जैनीत कोणाच्या तोंडून ऐकले असेन तर काकूंच्याच.

कादंबरी सोपी नाही. मी दोनदा खाली ठेवली. घाट, डोह, कार्तिकातली दिव्यांची रात्र असे काही हाती लागेल म्हणून मी पाने चाळीत होतो, आणि लेखकाला रस होता तो एका मध्यमवर्गीय तरुण मनाच्या घडणीत. स्वातंत्र्यलढ्याचा काळ, घरची ओढाताण, मनातले प्रश्न, त्यांची उलटतपासणी. संथ आलापी चालली आहे, लयीची घाई नाही, आणि गायक श्रोत्यांकडे पाहतसुद्धा नाही, असा प्रकार. तिसऱ्यांदा उचलली ती एका सोमवारी. श्रावणातल्या महाकालाच्या सवारीमुळे रस्ते बंद, ढोल-झांजांचा गजर गल्लीपर्यंत येत होता, आणि बाहेर पडणे शक्य नव्हते. त्या गजरात मला ही कादंबरी लागली. का, ते सांगता येत नाही. बाहेर इतका मोठा आवाज असताना एका माणसाचे मनातल्या मनात बोलणे ऐकणे बरे वाटले असावे. पुढचे दोन भाग कपाटात नव्हते. ते मी अजून शोधतो आहे.

महिन्याचे शेवटचे दहा-बारा दिवस मात्र एकाच पुस्तकाने खाल्ले. विष्णुभट गोडसे यांचा ‘माझा प्रवास’. पेणजवळच्या वरसईचा हा तरुण भिक्षुक, घर कर्जात बुडालेले. बायजाबाई शिंदे मथुरेला मोठा यज्ञ करणार, दक्षिणा भरपूर मिळेल, असे ऐकून तो १८५७ साली काकांबरोबर उत्तरेला निघाला. ही बायजाबाई म्हणजे आमचे गोपाळमंदिर बांधणारी, दौलतरावांची राणी. वर ज्याचा उल्लेख आला त्या सर्जेराव घाटग्याची मुलगी. भटजी महूपर्यंत आले आणि पुढ्यात बंड उभे! यज्ञ राहिला बाजूला. काका-पुतणे ग्वाल्हेर पाहून झाशीला पोचले, राणीच्या आश्रयाला राहिले, आणि १८५८ मध्ये इंग्रजांनी शहर घेतले ते सारे त्यांनी आत राहून पाहिले.

ही हकीकत त्यांनी सुमारे पंचवीस वर्षांनी, चिंतामणराव वैद्यांच्या आग्रहावरून लिहून काढली. वैद्य पुढे ग्वाल्हेर संस्थानात सरन्यायाधीश होते. आपल्या हयातीत ती छापू नये असे भटजींचे म्हणणे असल्याने १९०७ साली ती पुस्तकरूपाने निघाली, तीही वैद्यांनी बरीच सारखी करून. मूळ मजकूर दत्तो वामन पोतदारांनी १९६६ मध्ये प्रसिद्ध केला.

सत्तावनच्या बंडावर मोठमोठे ग्रंथ आहेत. पण या पुस्तकातला लेखक तोफेपासून लपता लपता कोणत्या घरी काय जेवायला मिळाले, कोणी किती दक्षिणा दिली, हे विसरत नाही. मला याचे हसू आले नाही. दक्षिणा आणि बिदागी ही सख्खी भावंडे. राजाच्या दारात विद्या घेऊन उभे राहणाऱ्याला आकडा लक्षात ठेवावाच लागतो, कारण पुढचे दार कधी उघडेल याचा भरवसा नसतो. झाशीत आश्रय मिळाला, मान मिळाला, आणि काही दिवसांत राजवाडा, बाजार, पिढ्यान्‌पिढ्या जमवलेला ग्रंथसंग्रह सगळे मातीत गेले. माझ्या वडिलांचा दरबार रक्त न सांडता, सहीशिक्क्याने संपला; तरी अठरा वर्षांचा मुलगा पटावरचे नाव पुसले गेल्यावर घरी कसा परतला असेल, हे मी त्यांना कधी विचारले नाही आणि त्यांनी कधी सांगितले नाही. विष्णुभटांनी मात्र सांगितले. वाटेत पुन्हा पुन्हा लुटले जाऊनही हा माणूस गंगेची कावड खांद्यावर घेऊन कोकणात पोचतो आणि आईवडिलांना त्या पाण्याने स्नान घालतो.

याच पुस्तकापाशी माझी मुलगी येऊन बसली. ती तेव्हा बारा वर्षांची, हिंदी शाळेतली. झाशीच्या राणीवरची सुभद्राकुमारी चौहानांची कविता तिला तोंडपाठ. तिने विचारले, “बाबा, ही तीच राणी?” मी मान हलवली. “या माणसाने तिला खरेच पाहिले होते?” पुन्हा मान हलवली. तिने पुस्तक माझ्या हातातून घेतले आणि मोठ्याने वाचू लागली.

लिपी एकच, त्यामुळे अडण्याचे कारण नव्हते. पण तिसऱ्या-चौथ्या ओळीला माझे कान टवकारले. घरात ती ‘मी जाते’ अगदी आपल्यासारखे म्हणते. छापील शब्द दिसला की मात्र शाळेची जीभ पुढे येते आणि ‘जाते’तला ‘ज’ हिंदी ‘जाना’मधला होतो. ‘चूल’ हिंदी ‘चूल्हा’सारखी, ‘चाक’ हिंदी ‘चाकू’सारखे. मराठीत च, ज, झ यांचे दोन-दोन उच्चार आहेत, एक दातांशी, एक टाळूशी, आणि अक्षर एकच. ‘जग’ म्हणजे दुनिया आणि ‘जग’ म्हणजे जगत राहा. कागदावर दोन्ही सारखेच दिसतात. चूक दुरुस्त करावी तर मला बोलायची बंदी! मी पाटीवर टिचकी मारायला सुरुवात केली. टिचकी पडली की ती थांबे, शब्द घरातल्या आवाजात पुन्हा म्हणे, आणि पुढे जाई. दुसऱ्या दिवशी तिने वैतागून विचारले, “मग लिहिताना काही खूण का करत नाहीत?”

मी भातखंड्यांची सुतळी सोडली. एका ठिकाणी दरबारी कानड्याची चीज काढली, दुसऱ्या ठिकाणी भीमपलासाची. दोन्हींत कोमल गंधाराखाली तीच एक आडवी रेघ. तिला दोन्ही गायला सांगितले. तानपुऱ्याशेजारी वाढलेली पोर. दरबारीचा गंधार तिने आपोआप झुलवला, खाली ओढून धरला, आणि भीमपलासाचा तसा झुलवला नाही. मी रेघेवर बोट ठेवले. ती पुस्तकाकडे आणि माझ्याकडे आळीपाळीने पाहत राहिली.

दरबारीचा गंधार सांगणारे गुरू आपल्याकडे अजून पुष्कळ आहेत; त्यासाठी शाळा आहेत, परीक्षा आहेत, पदव्या आहेत. ‘चूल’मधला ‘च’ उज्जैनीत सांगणारे कोण? त्याला घरात कोणी तरी मोठ्याने वाचणारे आणि कोणी तरी ऐकणारे लागते. काकूंच्या यजमानांची रोज रात्री मोठ्याने वाचायची सवय होती, आमच्या घरापर्यंत आवाज येत असे. मुलगा पुण्याला गेल्यावर त्यांनी ती सोडली, असे काकूच एकदा म्हणाल्या.

ऑगस्टच्या अखेरीस डॉक्टरांनी पुन्हा दिवा टाकून पाहिले आणि सा लावायची परवानगी दिली. पाटी खुंटीला गेली. शिकवण्या सुरू झाल्या, आणि दिवसाला चाळीस पाने वाचण्याची चैन संपली. पुस्तके परत करायला गेलो तर काकूंनी घेतली नाहीत. पुढे दिवाळीत त्यांचा मुलगा आला तेव्हा कपाटच आमच्याकडे आणायचे ठरले. ते आमच्या जिन्यात मावेना. काचा काढल्या, दारे काढली, तरी वळणावर अडले. शेवटी कपाट तिथेच राहिले आणि पुस्तके चादरीत बांधून चार खेपांत आणली. ती आता तानपुऱ्याच्या गवसण्यांच्या शेजारी जमिनीवर रचली आहेत. वाळवीसाठी मी कडुनिंबाचा पाला घालतो.

मुलीचे वाचन टिकले आहे. रोज दोन पाने, रात्रीच्या जेवणानंतर. हल्ली लक्ष्मीबाई टिळकांचे ‘स्मृतिचित्रे’ चालू आहे. त्याच्याही आरंभी सत्तावन साल आहेच, म्हणून तिला ते विष्णुभटांच्या पुस्तकाचा पुढचा भाग वाटला. लक्ष्मीबाईंच्या वडिलांच्या सोवळ्याच्या पराकाष्ठेशी मात्र गाडी अडली. सोवळे म्हणजे काय, ओवळे म्हणजे काय, आणि बाजारातून आणलेला जिन्नस धुऊन का घ्यायचा, असे तिचे प्रश्न चालू आहेत, आणि ते समजावता समजावता डॉक्टरांनी नेमून दिलेल्यापेक्षा माझे बोलणे बरेच जास्त होते.